विंजन काय म्हणतंय?

आठवीच्या वर्गाला अलंकार शिकवायला मी अजूनही स्वतः जातो. मुख्याध्यापकाने कचेरीत बसून हजेरीपत्रके, माध्यान्ह भोजनाचा हिशेब आणि खात्याची पत्रे बघावीत, वर्गावर जाऊ नये, असे आमच्या शाळेच्या लेखनिकांचे मत आहे. ते चुकीचे नाही. पण मराठीत एम.ए. केलेल्या माणसाला वर्षातून चार-दोन तास तरी मराठी शिकवल्यावाचून चैन पडत नाही. त्यातून आमची शाळा बीदर जिल्ह्यातली मराठी माध्यमाची. आठवीचा वर्ग एके काळी दोन तुकड्यांचा होता, आता पाच बाकांवर मावतो. कोण जाणे, पुढे शिकवायला कोणी समोर असेल की नाही, म्हणून मी ते तास सोडत नाही.

चेतनगुणोक्ती हा तसा सोपा अलंकार. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, बोलते, रुसते असे वर्णन केले की झाली चेतनगुणोक्ती. पुस्तकातली उदाहरणे ठरलेली : डोंगर, नदी, चंद्र. मुले माना डोलावतात, परीक्षेत व्याख्या लिहितात आणि विसरतात. मागच्या वर्षी मी पुस्तक मिटून विचारले, "तुमच्या गावातली कुठली वस्तू बोलते, ते सांगा." बराच वेळ कोणी बोलेना. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे शेत भालकी-कमलनगर लोहमार्गाच्या कडेला आहे, उठून म्हणाला, "सर, रेल्वे."

"काय म्हणते?"

वर्ग हसला. मुलगा खाली बसला. मी त्याला तसे बसू देणार नव्हतो. हातातले डस्टर घेऊन मी टेबलावर ठोके द्यायला सुरुवात केली. चढावर ओझे ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाचे ठोके, हळू आणि जड, एकेक श्वास मोजून घ्यावा तसे. या मुलांपैकी एकानेही वाफेचे इंजिन पाहिलेले नाही. तरी मी विचारले, "हे विंजन काय म्हणतंय?"

"होत न्हाई… होत न्हाई…" शेतवाला मुलगाच पुन्हा म्हणाला.

एका मुलीच्या आईचे माहेर हुमनाबादकडचे, घरात कन्नड. ती हळूच म्हणाली, "आगल्ला… आगल्ला…" अर्थ तोच, होणार नाही. तेवढ्यात दखनी बोलणाऱ्या घरातला एक मुलगा बाकावर हात आपटून म्हणाला, "नक्को… नक्को…" आता वर्ग खराच हसला. मी ठोके वाढवले. चढ संपला, गाडी माथ्यावर आली, उताराला लागली. मग कोणी काही विचारायची गरज राहिली नाही. "झालं झालं झालं झालं", "आगतद आगतद आगतद", "हौ हौ हौ हौ" असा तिन्ही बोलींचा असा काही गलका झाला की शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले आणि मला पाहून परत गेले.

त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात आले, हीच गोष्ट मला माझ्या नातीपुढे का जमली नाही?

माझी मुलगी-जावई बेंगळूरला असतात. नात पाच वर्षांची. घरात आई-बाप मराठी बोलतात, पण शाळा इंग्रजी, सोसायटीतली मुले हिंदी आणि कन्नड. त्यामुळे तिचे मराठी म्हणजे समजते सगळे, बोलते थोडे. त्याच्या आदल्या दिवाळीत ती आली तेव्हा तिच्या पिशवीत एक निळे इंजिन होते. पुढच्या बाजूला गोल चेहरा, मोठे डोळे, अंगावर 1 आकडा. हा थॉमस. आमच्या पिढीला ठाऊक नसला तरी आजच्या नातवंडांच्या घरी तो असतोच. मी त्याला हातात घेऊन म्हटले, "काय थॉमसराव, कसा काय झाला प्रवास?" नातीने माझ्याकडे जरा दयेने पाहिले आणि म्हणाली, "आबा, थॉमस को मराठी नहीं आती."

वाचकहो, सीमाभागात आयुष्य काढलेल्या माणसाला असली वाक्ये नवी नाहीत. कचेऱ्यांतून, बँकांतून आम्ही ती ऐकतो आणि अर्ज दुसऱ्या भाषेत लिहून देतो. पण एका खेळण्याच्या बाबतीत ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. मग माणूस जे करतो तेच केले. हा थॉमस कोण, कुठला, याची माहिती काढायला लागलो.

थॉमसचे जनक रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री हे इंग्लंडमधले एक पाद्री. 1911 साली जन्मलेले. त्यांचे बालपण बॉक्स नावाच्या गावी गेले. घरापासून हाकेच्या अंतरावर ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग, आणि पुढे बॉक्सचा प्रसिद्ध बोगदा. बोगद्याकडे जाणारा चढ अवघड; जड मालगाडी आली की मागून ढकलायला दुसरे इंजिन लावत. रात्री अंथरुणात पडलेल्या त्या मुलाला दोन्ही इंजिनांचे फुसकारे आणि शिट्या ऐकू येत. पुढचे कुरकुर करते आहे, मला जमत नाही म्हणून. मागचे त्याला धीर देते आहे. त्या मुलाला यात संभाषण ऐकू आले. पुढे 1942-43 च्या सुमारास त्याचाच मुलगा ख्रिस्तोफर गोवर येऊन अंधाऱ्या खोलीत पडला, तेव्हा त्याला रमवण्यासाठी ऑड्रींनी याच आठवणीच्या आधारे इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या. मुलगा मोठा खट. इंजिनाचे नाव काय? ते दुःखी का आहे? मग पुढे काय झाले? आणि काल सांगितलेला शब्द आज बदलला तर लगेच हरकत. तेव्हा बापाने गोष्टी कागदाच्या कपट्यांवर उतरवून ठेवल्या. बायकोने आग्रह धरला, आणि 1945 साली पहिले पुस्तक निघाले. थॉमस आला तो दुसऱ्या पुस्तकात, 1946 साली. त्याआधी ऑड्रींनी मुलासाठी लाकडाचे एक छोटे इंजिन घरीच केले होते. त्याच्या बॉयलरसाठी वापरला केरसुणीचा दांडा!

म्हणजे मूळ कल्पना कानाची. इंजिनाला तोंड नंतर आले, आधी आवाज आला. आणि आवाजाला भाषा नसते. ती ऐकणाऱ्याची असते. आमच्या आठवीच्या पाच बाकांनी हेच तर सिद्ध केले.

पण ऑड्रींबद्दल मला आदर वाटला तो दुसऱ्या एका गोष्टीमुळे. इंजिने बोलतात एवढी एक थाप मारली की बाकी सगळे खरे असले पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. रुळाबाहेर गाडी कशी जाते, ब्रेक का लागत नाही, पाण्यात मासा अडकला तर काय होते, हे घडू शकते तेवढेच लिहायचे. चित्रकाराने इंजिन चुकीचे काढले की ते चिडत. पर्सी नावाच्या छोट्या इंजिनाला तर त्याने हिरवा सुरवंट करून टाकले, अशी त्यांची तक्रार होती, आणि त्यावरून चित्रकाराशी बिनसले. कुठले तरी खरे इंजिन प्रत्येकाच्या मागे उभे असले पाहिजे. थॉमसच्या मागे उभे आहे ते लंडन-ब्रायटन रेल्वेचे ई-टू जातीचे टाकीवाले इंजिन. 1913 ते 1916 या काळात अशी फक्त दहा इंजिने झाली, यार्डात डबे इकडून तिकडे ओढणे हे त्यांचे काम. 1963 पर्यंत दहाच्या दहा भंगारात गेली. जगातल्या सर्वांत लाडक्या इंजिनाचा मूळ नमुना आज बघायचा म्हटले तर जगात कुठे नाही.

उलट प्रकारही आहे. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची स्लेटच्या दगडाची छोटी रेल्वे होती, 1865 च्या सुमाराची. ती बंद पडणार असे दिसताच 1951 साली काही हौशी लोकांनी ती स्वयंसेवकांच्या बळावर चालवायला घेतली. जगातली ही अशा तऱ्हेची पहिली. ऑड्री 1952 साली तिथे गार्ड म्हणून सुट्टीत राबायला गेले. एकदा त्यांनी शिटी फुंकून गाडी सोडली आणि चहा-फराळ विकणाऱ्या बाई स्टेशनवरच राहिल्या. ही आपली चूक त्यांनी पुढे एका इंजिनाच्या नावावर गोष्टीत घालून टाकली. (शाळेच्या सहलीत मीही एकदा एका विद्यार्थ्याला सोलापूरच्या फलाटावर विसरलो होतो. ती गोष्ट मी अजून कुठे लिहिलेली नव्हती.) टॅलिलिन आणि डोलगोख या तिथल्या दोन इंजिनांना त्यांनी गोष्टीत स्कारलोई आणि रेनियस अशी नावे दिली. ती दोन्ही इंजिने आजही त्या मार्गावर चालतात.

अलीकडे, 2016 च्या एका चित्रपटात, या मंडळींत आशिमा नावाचे एक भारतीय इंजिनही आले. नातीला ते फार आवडते; अंगावर नक्षी आहे म्हणून. आशिमाचा मूळ नमुना म्हणजे निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवरचे एक्स जातीचे, स्वित्झर्लंडमध्ये घडवलेले इंजिन. त्याला चार सिलिंडर : दोन नेहमीच्या चाकांसाठी आणि दोन रुळांमधल्या दातेरी पट्टीत अडकणाऱ्या चाकांसाठी. मेट्टुपाळयमहून कुन्नूरला चढताना ते गाडीच्या पुढे नसते, मागून ढकलते. डबा निसटला तर आपल्या छातीवर घ्यायला. हे नातीला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून ऐकू लागली. म्हटले, जमले. आता आपले इंजिन काढू.

आपले इंजिन म्हणजे बार्शी लाइटचे.

माझे मामा बार्शी लाइटवर फायरमन होते. राहणे कुर्डुवाडीला. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना ती अडीच फुटी गाडी आठवत असेल. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरूड असे करत लातूरला जाणारी. उतरून शेतातले हरभऱ्याचे डहाळे घ्यावेत आणि पुन्हा गाडीत चढावे, असा विनोद तिच्यावर सगळे करत, मामासुद्धा करत. पण दुसऱ्या कोणी केला की त्यांना राग येई. 1897 साली कुर्डुवाडी-बार्शी एवढा तुकडा सुरू झाला, 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. 1954 साली सरकारने ती कंपनीकडून घेतली. आषाढीला वारकरी मालडब्यातून आणि टपावरून जात. जात्यावरच्या ओव्यांत आगीनगाडी शिरली ती अशा गाड्यांमुळे.

ही गाडी बांधणारा एव्हरार्ड काल्थ्रॉप हा मोठा अजब इंजिनिअर. हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येतो, फक्त प्रत्येक आसावर सारखा भार पाहिजे, हे त्याचे तत्त्व. पाच टनांपेक्षा जास्त भार एकाही आसावर नाही. मग वारभर लांबीला तीस पौंड वजनाचा रूळही पुरतो. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने आठ जोडचाकांची टाकीवाली इंजिने घडवून घेतली. 1855 ची 'फेअरी क्वीन' घडवणारे घराणे तेच. पुढे इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये त्याने याच मापाची एक छोटी रेल्वे उभारली. तिची इंजिनेही किटसनचीच, आणि त्यांपैकी एकाला खुद्द काल्थ्रॉपचे नाव. ती रेल्वे 1904 ते 1934 अशी तीसच वर्षे जगली. आपली बार्शी लाइट शंभरी पार करून गेली. याच माणसाने उतारवयात वैमानिकांसाठी हवाई छत्री केली, आणि 1920 साली घोड्यांवर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच घोड्याला सोबती आणि मित्र म्हटले आहे. अशा माणसाने घडवलेली इंजिने बोलत नसतील तर नवल.

मी सात वर्षांचा असताना आईबरोबर पंढरपूरहून परतलो ते मामांच्या गाडीने. बार्शीला पाणी घ्यायला गाडी थांबली तेव्हा मामांनी मला इंजिनावर घेतले. नियमात बसत नव्हते. पण तेव्हा नियमांना पोरे कळत असत. भट्टीचे दार उघडले की अंगावर जाळ येई, मिटले की मागून गार वारा. बार्शी सोडल्यावर येडशीकडे बालाघाट चढायचा असतो. रामलिंगच्या रानात शिरताच इंजिनाचा आवाज बदलला. मी घाबरलो. मामा बेलचा टेकवून माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "भिऊ नको. बोलायलंय ते. मोज." मी मोजले. चाकाचा एक फेरा, चार ठोके. दोन सिलिंडर, प्रत्येकाचा पुढे एक, मागे एक. वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी फुसकारा होतो, आणि त्याच फुसकाऱ्याने भट्टीतला जाळ ओढला जातो. "जितकं वरडंल तितका इस्तू फुलतो," मामा म्हणाले. चढावर इंजिन ओरडते ते दमले म्हणून नाही. ओरडल्यावाचून त्याला जाळच मिळत नाही.

चार ठोके सारखे पडले तर इंजिन तब्येतीत आहे. एखादा ठोका कच्चा पडला तर "लंगडायलंय", शेडमध्ये कळवायचे. वरची सेफ्टी उडून वाफ सुटली की फायरमनने कोळसा उधळला, ड्रायव्हर शिव्या देणार. इंजेक्टर नीट लागला तर एका सुरात गातो, नाही तर थुंकतो. मामांच्या लेखी ही चेतनगुणोक्ती नव्हती. ती नोकरी होती. इंजिन काय म्हणते ते ज्याला कळत नाही त्याचा काटा खाली येतो आणि गाडी घाटात उभी राहते. त्यांना चौथीनंतर शाळा नव्हती, पण त्या भाषेत ते एम.ए. होते. ड्रायव्हर आंध्रातले असोत की सोलापूरचे तेलुगू, की कुर्डुवाडीतले मुसलमान, इंजिनाशी सगळे मराठीतच बोलत, असे मामा सांगत. खरे-खोटे मामाच जाणोत.

तर हे सगळे मी नातीपुढे मांडायला बसलो. चांगली सुरुवात केली. एक होते काळे इंजिन, ते बार्शीला राहायचे.

"नाम क्या था?"

इथेच पहिली अडचण. बार्शी लाइटच्या इंजिनांना नावे नव्हती. ए, बी अशी जातीची अक्षरे आणि पुढे अंक. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तिच्या तीन इंजिनांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे होती. 1950 साली चित्तरंजनला झालेले पहिले इंजिन 'देशबंधू'. विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या गाडीला लोकांनी 'शकुंतला' म्हटले, आणि 1930 सालच्या 'दख्खनच्या राणी'चा तर पुण्याचे प्रवासी दर 1 जूनला वाढदिवस करतात. आमच्या गाडीला मात्र कुणी बारसे केले नाही. मी म्हटले, नाव नव्हते, नंबर होता.

"कौन सा नंबर?"

मला आठवेना.

"रंग? पूरा ब्लॅक? यहाँ भी?" तिने थॉमसच्या चाकांकडे बोट दाखवले. आमच्या इंजिनाच्या चाकांना दुसरा रंग होता का? दिवा पुढे होता की वर? शिटी एक होती की दोन? मी तिच्याएवढाच असताना त्या इंजिनावर उभा राहिलो होतो, त्याचा जाळ अंगावर घेतला होता, आणि या पोरीच्या पाच प्रश्नांपैकी एकाचे उत्तर मला देता येत नव्हते. नंबर मामांना झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यांनी सांगितला असता. पण मामा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली, आणि ते होते तेव्हा मी त्यांना कधी विचारले नाही. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नसे. फायरमनचे कान ते, भट्टीसमोर आयुष्य गेलेले. मी दिवाळीला जाई, मोठ्याने खुशाली विचारी, पाया पडे आणि परत येई. सीमाप्रश्नावर, भाषेवर मी पुष्कळ भाषणे केली आहेत. त्या काळात कुर्डुवाडीला एक वही घेऊन दोन दिवस बसलो असतो तर बरे झाले असते, असे आता वाटते.

तेवढ्यात पोरगी कंटाळली होती. "यह स्टोरी रियल नहीं है," असे म्हणून ती थॉमसला घेऊन अंगणात गेली. ख्रिस्तोफरच्या बापाला जमले आणि मला जमले नाही ते का, याचे उत्तर तिने सोप्या हिंदीत दिले होते.

चूक माझी होती तशी थोडी गाडीचीही होती. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने तो सगळा मार्ग मोठ्या मापाचा झाला. झाला ते बरेच झाले. लातूरच्या माणसाला थेट मुंबईला झोपून जाता येते, त्याला मी हरभऱ्याच्या डहाळ्यांची आठवण का द्यावी? सोयीच्या आड येणारा जुन्याचा लळा मला पटत नाही. आमच्याकडेही 29 ऑक्टोबर 2017 ला बीदर-कलबुर्गी हा 110 किलोमीटरचा नवा मार्ग खुला झाला. एकाच निजामी राज्यातली, आणि 1956 पासून एकाच कर्नाटकातली ही दोन जिल्ह्याची गावे; पण तोवर बीदरहून गुलबर्ग्याला रेल्वेने जायचे तर विकाराबाद, वाडी असा वळसा घालावा लागे. 1956 च्या त्याच वाटणीत आमच्या जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके पलीकडे मराठवाड्यात गेले. कमलनगर सोडले की पुढची मोठी पाटी मराठीत येते. इंजिनाला त्याचे काही नसते. माणसांना असते, पण लग्ने अजूनही दोन्हीकडे होतात आणि वऱ्हाडे त्याच गाडीने जातात.

यंदा उन्हाळ्यात नात पुन्हा आली. तिला परत सोडायला मी कलबुर्गीपर्यंत जाणार होतो. तिथून तिचे आई-बाप तिला बेंगळूरच्या गाडीने नेणार होते. बीदरला आम्ही सकाळच्या गाडीत बसलो. निघण्याआधी मी तिला वर्गातली गोष्ट सांगितली होती, डस्टरची. तीन भाषांतले तीन नकार आणि तीन होकार. तिला "नक्को" फार आवडले. डब्यात बसल्या बसल्या बाकावर ठोके देत ती सगळ्या प्रवाशांना नक्को-हौ करत सुटली. समोर एक आजीबाई होत्या. त्यांनी कन्नडमधले आगल्ला तिला नीट म्हणायला शिकवले. ल दोनदा, जीभ टेकवून.

हुमनाबाद गेले. मग ती एकदम म्हणाली, "पर यह तो कुछ बोल ही नहीं रही."

खरेच होते. आताचे रूळ लांबच लांब जोडून टाकलेले असतात. पूर्वी दर बारा-तेरा मीटरवर सांधा असे आणि चाक त्यावरून जाताना खट्‌खट् होई, तो ताल गेला. धुराडे नाही तेव्हा फुसकारा नाही. नुसती एकसारखी घरघर. आमच्या शाळेतली मुले आजही गाडीचे चित्र काढताना तिला धुराडे आणि धुराचे ढग काढतात. कुणी पाहिलेले नसताना. ते का, हे मला आज त्या डब्यात उमगले. ज्यातून बोलता येते तेवढे मुलांनी ठेवून घेतले आहे.

मरगुत्तीचा बोगदा आला. दीड किलोमीटरहून लांब. अंधार झाला तशी ती माझ्या मांडीवर चढली. आवाज भिंतींवर आपटून परत येऊ लागला. मी तिला रामलिंगच्या रानातले सांगितले. मामा कसे वाकले, काय म्हणाले, जाळ कसा अंगावर येई. नंबर आठवत नाही, चाकांचा रंग आठवत नाही, असेही सांगितले. जे आठवते तेवढेच सांगितले. ती काही म्हणाली नाही. बाहेर पडलो तेव्हा उजेडाने दोघांचेही डोळे मिटले.

कमलापूरला तांबडी केळी घेतली. ताजसुलतानपूर गेले. कलबुर्गीच्या यार्डात शिरताना गाडी मंद झाली आणि एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाऊ लागली. तिथे सांधे अजून आहेत. चाके खडखडली, थांबली, पुन्हा खडखडली. नात खिडकीच्या गजांना कान लावून उभी होती, हातात केळे तसेच.

"काय म्हणतंय गं?" मी विचारले.

"थांब ना आबा. ऐकू दे."